काकाडूला निघालेले चारशे चाळीस किलो

"आन् मधीच एक्सल मोडला तर? कूबर पीडीच्या फुडं अडीचशे किलोमीटरमदी चिटपाखरू न्हाई. तवा काय दातानं जोडनार हाईस?"

"मी कशाला जोडू? मी खुर्ची टाकून बसनार आन् तुला शिव्या देनार. त्याला वेल्डिंगची मशीन लागत न्हाई."

"ऱ्हाऊ दे ती मशीन. जागंला लागलीया."

"आरं, चाळीस किलो हाय ती!"

"अडतीस," लायल बायकोला म्हणाला.

लायल नॉस्की हा असा माणूस. घर पेटलं तर आधी किती वाजता पेटलं ते लिहून ठेवील आणि मग पाणी आणायला जाईल. आमच्या टॅलो वेल गावात गव्हाच्या कोठारांपाशी जो वजनकाटा आहे, त्या काट्यावरच्या खोपटात तो एकतीस वर्षं बसला आहे. खोपटाला एक खिडकी, खिडकीतून चिठ्ठी द्यायची, चिठ्ठीवर वजन. एवढ्याशा कामात माणूस किती अधिकार गाजवू शकतो हे ज्याला बघायचं असेल त्यानं सुगीत आमच्याकडे यावं.

ट्रक ठरल्यापेक्षा जड निघाला की लायल खिडकीतून मान बाहेर काढायचा आणि म्हणायचा, "कोपऱ्यात घे. फावडं हाय का?" झालं. मग भर उन्हात, मागं नऊ ट्रकांची रांग लागलेली असताना, आपलाच गहू आपण फावड्यानं काढून कोपऱ्यात ढीग करायचा. वीस किलो असो नाहीतर दोनशे, लायलला फरक पडत नव्हता. मी एकदा साठ किलोनं अडकलो. शेजारी सासू बसली होती. मी म्हटलं, "लायल, म्हातारी उतरली की भागतंय बघ." सासू उतरली, काटा सुतासारखा सरळ आला. लायलनं चिठ्ठी दिली. पण माझा गहू खाली होईस्तोवर त्यानं तिला परत गाडीत चढू दिलं नाही. दोन तास खोपटात बसवून चहा पाजला, बिस्किटं खाऊ घातली, आणि सासूनं त्या दोन तासांत माझी सगळी अंडीपिल्ली त्याला सांगून टाकली. तेव्हापासून मी वजन कमीच नेतो.

मागून सगळे त्याला 'छटाक' म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त क्लेम टाइसची. क्लेमचा गहू गावात सगळ्यात जास्त, आणि फावडंही त्यानंच सगळ्यात जास्त मारलेलं.

लायलची बायको कोरल. तिनं चोवीस वर्षं शाळेची बस चालवली. सकाळी धुळीतून पोरं गोळा करायची, दुपारी परत सांडायची. चोवीस वर्षांत तिनं पृथ्वीला दहा वेढे घातले असतील, पण सगळे गव्हाच्या त्याच त्या चार रस्त्यांवर. तिच्या फ्रिजवर एक कॅलेंडरचं पान चिकटवलेलं आहे. खतवाल्यांनी कधीतरी वाटलेलं. मोठा थोरला डोह, त्यात कमळं, एका टांगेवर उभा असलेला काळापांढरा पक्षी, मागं तांबडा कडा, आणि खाली लिहिलेलं, काकाडू, म्हणजे पार उत्तरेकडचं अभयारण्य. आजवर तीन फ्रिज मेले, पान जिवंत. एकावरून सोडवून दुसऱ्यावर चिकटवलं जातं.

आता तुम्ही म्हणाल, चोवीस वर्षांत एकदा जायला काय झालं होतं? तर आमच्याकडचा माणूस मोकळा होतो जानेवारीत. गहू कोठारात गेला, नाताळचं जेवण पोटात गेलं, की मग सगळे एकदम आठवतात की आपल्याला बायको आहे. लायललाही एका जानेवारीत आठवलं. त्यानं तिथल्या कचेरीत फोन लावला आणि म्हणाला, "आमी फुडल्या आठवड्यात येतोय. गाडी कुठं लावायची?"

तिकडची बाई म्हणाली, "होडी हाय का तुमच्याकडं?"

"होडी कशाला? आमी रस्त्यानं येनार."

"रस्त्यावरनं होडीच येतीया सध्या. मे म्हैन्यात या."

आमच्या अख्ख्या मुलखात हा फोन प्रत्येकानं एकदा तरी केलेला आहे. दक्षिणेतल्या माणसाला वाटतं जानेवारीत आपल्याकडं उन्हाळा म्हणजे सगळीकडे उन्हाळा; उत्तरेत तेव्हा धो धो पावसाळा असतो. आणि तिकडं जेव्हा रस्ते कोरडे असतात, तेव्हा आमची पेरणी, मग फुटबॉल, मग कोठारातला गहू बंदराला न्यायला ट्रक. लायलला तर बाराही महिने कारण तयार. कोरल दर मे महिन्यात विचारायची, तो दर मे महिन्यात म्हणायचा, "औंदा नगं."

गेल्या नाताळात कोरलनं बस सोडली. गुडघा बोलायला लागला होता. आणि जूनमध्ये तिनं जेवताना मटणाच्या वाडग्यावरून सांगितलं, "लायल, ह्या पंचवीस तारखेला, गुरवारी, सकाळी सात वाजता मी काकाडूला निघालेय. तू आलास तर तू. न्हाई आलास तर पर्ल. तिला बॅग भरून ठिवाया सांगितलंय."

पर्ल म्हणजे कोरलची थोरली बहीण. तिचं आणि लायलचं सतरा वर्षं बोलणं नाही, कारण तिच्या नवऱ्यालाही लायलनं एकदा कोपऱ्यात घेतलं होतं.

लायलनं त्या गुरुवारपासून एका महिन्याची रजा टाकली. काट्यावर बसायला जनेल म्हणून एक बाई नेमली गेली. स्ट्रीकी बेच्या एका विधवेची कॅराव्हॅन आणली, पिकअपच्या मागं जोडायची, चाकांवरचं घर. गावात बातमी फुटली. आणि मग सुरू झाला आमच्याकडचा जुना रोग.

आमच्याकडं कुणी मेलं की घरी रस्सा येतो आणि कुणी प्रवासाला निघालं की घरी सामान येतं. तीन हजार किलोमीटर जायचं, मध्ये ओसाड, माणूस तिथं कशानंही मरू शकतो, आणि तो कशानं मरेल याबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं. क्लेमला वाटलं चिखलात रुतून, म्हणून त्यानं गाडी ओढून काढायची लोखंडी विंच आणून टाकली. पोस्टातल्या बेवला वाटलं भुकेनं, म्हणून तिनं सहा फळांचे केक दिले. बेवचा केक म्हणजे त्यावर घर बांधावं. कुणी पाण्याचे पिंप, कुणी स्प्रिंगच्या पट्ट्या, कुणी डबल तळाचा लोखंडी शेगडा. आठ घडीच्या खुर्च्या आल्या, माणसं दोन. विल्फ शिर्मरनं होडीचा नांगर दिला.

"विल्फ, आमच्याकडं होडी न्हाई," कोरल म्हणाली.

"तिकडं पानी लई हाय. कवा काय लागंल सांगता येत न्हाई."

मीही माझा जुना तंबू दिला. आपुलकी वगैरे काही नाही, शेडमधली घाण गेली म्हणून.

दिलेलं नको म्हणायचं नाही, हा रिवाज. पण रिवाज लायलनं कधी पाळला होता? भर सभेत धर्मगुरूंनी दुसरा केकचा तुकडा पुढं केला तर "एक पुरे" म्हणणारा माणूस. तो ह्या पंधरा दिवसांत दारात उभा राहून एकेकाचं सामान घेत होता, "हा, लागंल," म्हणत होता, आणि रात्र पडायच्या आत दोरीनं आवळून आत भरत होता. कोरल बघत होती. बोलत नव्हती.

मंगळवारी दुपारी ती बोलली. वेल्डिंग मशीनवरून ते भांडण झालं, ते वर सांगितलंच. 'अडतीस' ऐकल्यावर कोरलनं पिकअपची किल्ली त्याच्या हातात दिली.

"चल."

"कुठं?"

"काट्यावर. जगाचं वजन केलंस, आता घरचं कर."

गुरुवारला दोन दिवस उरले होते.

क्लेमनं त्यांना रस्त्यावर बघितलं. पंधरा मिनिटांत काट्यापाशी सात पिकअप. मी घरी जेवत होतो, ताट तसंच ठेवून निघालो. काही गोष्टी आयुष्यात एकदाच होतात.

लायलनं कॅराव्हॅन काट्यावर घेतली, पिकअप सोडवून पुढं उभी केली आणि खोपटात जाऊन आपल्या खुर्चीत बसला. कॅराव्हॅनच्या दारापाशी पत्र्याची पट्टी ठोकलेली असते. तिच्यावर लिहिलेलं होतं, जास्तीत जास्त दोन हजार किलो. लायल आकड्याकडे बघत राहिला. मग चष्मा पुसला. मग परत बघितलं.

"किती?" कोरलनं बाहेरून विचारलं.

लायलनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा सारखा केला.

"लायल, किती?"

"दोन हजार चारशे चाळीस."

कुणी हसलं नाही. हसायला वेळच मिळाला नाही. सगळे आपापल्या पिकअपकडे गेले आणि सगळे परत आले, तेव्हा सात जणांच्या हातात सात फावडी होती. मी माझं विसरलो होतो, मी विल्फचं दुसरं घेतलं. क्लेम खिडकीपाशी गेला, फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले आणि इतक्या वर्षांचं साठलेलं एका दमात बोलला.

"कोपऱ्यात घे, छटाक. फावडं हाय का?"

मग हसलो. विल्फला तर ठसका लागला, त्याची पाठ चोळावी लागली.

लायलचा चेहरा बीटासारखा झाला. क्लेमला जरा कणव आली असावी, किंवा मजा संपेल म्हणून वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, "जाऊ दे की लेका. घरची गाडी हाय. कोन बघतंय?"

"काट्यानं बघितलंय," लायल म्हणाला.

"मग उतरवा सामान, न् काय."

"उतरवतो. उद्या. परवा. जरा इचार करून. घाईघाईत काय उतरवलं आन् तेच वाटंत लागलं तर? फुडल्या आठवड्यात जाऊ. न्हाईतर ऑगस्टमदी..."

ऑगस्ट हा शब्द ऐकला आणि कोरल कॅराव्हॅनच्या पायरीवरून उठली. ती खोपटात गेली आणि दार लावून घेतलं. पण खिडकी चिठ्ठीसाठी असते, ती बंद होत नाही, आणि आम्ही सगळे चिठ्ठीला उभं राहिल्यासारखे ओळीनं तिथं उभे.

"एकतीस वर्सं," कोरल म्हणाली, "तू समद्या गावाला न्हाई म्हनलास. क्लेमला न्हाई. पर्लच्या नवऱ्याला न्हाई. धर्मगुरूला न्हाई. मला तर बोलायलाच नगं. आन् ह्या पंधरा दिसांत एका मानसाला न्हाई म्हनला न्हाईस. नांगर घेतलास तू, लायल! नांगर! तुला जायचंच न्हाई. तू गाडी भरत न्हाईस, तू गाडी रोखतोयास."

लायलनं पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

"तसं न्हाई," लायल म्हणाला.

"मग कसं?"

"तिकडं गाड्यांच्या तळावर जागा असत्यात. नंबर घातल्याल्या. गाडी मागं घेऊन लावायची असती."

"मग?"

"समदे बघत असत्यात. खुर्च्या टाकून, बियर घेऊन. रोज सांजच्याला त्येंचा तोच तमाशा असतो. कोन येतंय, कसं लावतंय. विल्फनं सांगितलंय मला."

विल्फनं आमच्याकडं बघितलं आणि मान हलवली. खरंच सांगितलं होतं.

"आन् मला मागं घेता येत न्हाई," लायल म्हणाला. "ही जोडल्याली गाडी. उजवीकडं वळवावं तर डावीकडं जाती. मी शिकाया गेल्तो. रविवारी, फुटबॉलच्या मैदानामागं. चार येळा गेल्तो."

"कवा?"

"तू पर्लकडं गेलीस तवा. तिथला बायकांच्या खोलीचा नळ मोडला."

"तो नळ तू मोडलास?" बेवचं डोकं खिडकीतून आत गेलं. ती फुटबॉल क्लबची सेक्रेटरी. "आमी शेजारच्या पूनाडच्या टीमवर आळ घेतला! त्यांच्या अध्यक्षाला पत्र लिवलं मी! दोन पानी!"

"मला म्हाईत हाय," लायल म्हणाला. "म्या वाचलं. चांगलं लिवलं व्हतं."

बेवला हे ऐकून रागवायचं का फुलायचं ते कळेना, ती डोकं बाहेर काढून उभी राहिली.

तुम्ही हसाल, पण आम्ही त्या वेळी नाही हसलो. लायलची एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चाकांकडे बघण्यात गेली होती. "मागं घे. डावीकडं. डावीकडं म्हनलं की! आंधळा हाईस का?" हे त्यानं प्रत्येकाला ऐकवलेलं. तोच माणूस तीन हजार किलोमीटरवर, अनोळखी लोकांच्या खुर्च्यांसमोर, स्वतःची गाडी वाकडी घालणार. यापेक्षा वाटेत एक्सल मोडून राहिलेलं बरं, असं त्याला वाटलं असेल तर मला पटतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही नांगर घेतला असता.

कोरलला मात्र दया वगैरे आली नाही. ती म्हणाली, "येवढंच?"

"येवढंच."

"ह्येच्यापायी मला चोवीस वर्सं बसवलीस?"

"न्हाई. आदल्या वर्सांचं येगळं व्हतं. तवा काम व्हतं."

"आन् औंदा?"

"औंदा काम न्हाई," लायल म्हणाला. "औंदा नुस्तं भ्या हाय."

कोरलनं दार उघडलं. "मी भाईर थांबते. गुरवारी कोन येनार त्ये आत्ता ठरव. मला पर्लला फोन करायचा हाय."

लायल बाहेर आला तो सरळ कॅराव्हॅनमध्ये चढला. पहिल्यांदा त्यानं स्वतःची वेल्डिंग मशीन उतरवली, पोटाशी धरून, आणि कोपऱ्यात नेऊन ठेवली. मग एकेकाला हाक मारायला लागला. आवाज पहिल्यासारखा, खिडकीतला.

"क्लेम, तुजी विंच. न्हाई."

"आरं पन चिखलात..."

"न्हाई. विल्फ, नांगर. न्हाई. शेगडा कुनाचा? न्हाई. बेव, एक केक ठिवतो, पाच न्हाई."

"आरं तीस दिस जानार तुमी!"

"एका केकाला तीस दिस लागत्यात, बेव."

माझा तंबू त्यानं माझ्याकडं न बघता फेकला. ती शेडमधली घाण परत घरी आली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. पाण्याची दोन पिंपं उतरली, स्प्रिंगच्या पट्ट्या उतरल्या, तीनातलं एक जादा चाक उतरलं. आठ खुर्च्या उतरल्या. दोन परत गेल्या. उरलेल्या सहा कुणीतरी उघडून मांडल्या, आणि आम्ही त्यांच्यावर बसलो. विल्फच्या पिकअपमध्ये थंड बियर होती. ती फुटली. कुणाच्या लक्षात आलं नाही आपण काय करतोय ते.

लायल खोपटात जाऊन आला. "एक हजार नऊशे ऐंशी."

वीस किलो खाली. त्यानं पिकअप मागं घेतली, नुसती पिकअप त्याला झकास मागं घेता येते, आणि कॅराव्हॅन जोडली. आता निघायचं. पण काट्यावरून पुढं निघायची वाट आम्हीच अडवली होती. सात पिकअप, सहा खुर्च्या, विंच, शेगडा, नांगर. आणि तेवढ्यात मागच्या फाटकातून बंदराला जाणारा रिकामा ट्रक आत शिरला आणि काट्याच्या रांगेत येऊन थांबला. वजन झाल्याशिवाय त्याला माल भरता येत नाही. कॅराव्हॅन मागं घेऊन कोठाराच्या कडेच्या बोळात घालायची, एवढाच मार्ग. बोळ म्हणजे कॅराव्हॅन आणि वर दोन हात.

ट्रकवाल्यानं एकदा हॉर्न मारला.

लायल स्टिअरिंगवर. समोर आम्ही, खुर्च्यांवर, हातात बियर. त्याच्या तोंडाकडं बघून मग आमच्या ध्यानात आलं. क्लेमनं बाटली पायाखाली लपवली, तीही उशिरा.

कोरल पिकअपच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. तिनं हात पुढं केला. लायलनं आरशात बघितलं, बोळाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. काट्याच्या खोपटासमोर, अख्ख्या गावापुढं, छटाक नॉस्की स्टिअरिंगवरून खाली उतरला आणि बायकोला जागा दिली.

कोरलनं सीट पुढं ओढली, गुडघा नीट केला, खिडकीबाहेर मान काढली. चोवीस वर्षं ती बस शाळेच्या मागच्या अरुंद गल्लीत घालत होती, रोज दोनदा, मागं पोरं मारामारी करत असताना. कॅराव्हॅन एकदाच डावीकडं हलली, मग सरळ झाली आणि तोंडात घास जावा तशी बोळात गेली. एका दमात.

लायल मागं उभा होता. दोन्ही हात हवेत, डावीकडं, उजवीकडं, थांब. सवयच.

कोरल उतरली. "तिकडंबी मीच लावनार."

"लाव," लायल म्हणाला. "मी मागं हुबा ऱ्हाऊन हात दाखवनार."

"दाखव. मी बघनार न्हाई."

"न्हाई बघितलंस तरी चालंल." त्यानं टोपी सारखी केली. "पर्लला फोन कर. म्हनावं, बॅग सोड."

"पर्ल इच्चारंल का म्हनून."

"सांग तिला. नळाचं नगं सांगू."

"नळाचंच पैलं सांगनार," कोरल म्हणाली आणि पोस्टाच्या दिशेनं चालू लागली, बेव तिच्या मागं, पूनाडला माफीचं पत्र कसं लिहायचं ते विचारत.

ट्रकवाल्यानं पुन्हा हॉर्न मारला, या वेळी लांबलचक. लायलनं आमच्याकडं वळून हात झाडले. "उठा. हलवा त्ये पिकअप. काय जत्रा हाय का?" आम्ही उठलो. तो खोपटात गेला, खुर्चीत बसला, चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढं ओढला, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

"फुडं घे. आनखी. आनखी थोडं. थांब! मागलं चाक भाईर हाय तुजं. दिसत न्हाई का?"